कच्च्या कातड्याची ढाल

जऊळका
ता. २७ जुलै २०२५

तुही सोयरीक भगवंतरावानं मोडली. आधी हे वाच, खुशाली मंग.

मानोऱ्याच्या पाव्हन्यायकडं तो सोता गाडी करून गेला. त्यायले म्हने, पोरगी तिकडं आफ्रिकेत जनावराचे कातडे धुते, बारा महिने हाताले वास राह्यते, मागून मले बोल लावू नका. असं ऐकून कोन सून करन? येत्या दिवाळीत साक्षगंध धरलं होतं. चौथ्या दिवशी नवरदेवाच्या, दिनेशच्या, बापानं नारळ आन साडी परत धाडली. तुह्या बापानं, राजूनं, तो नारळ निमूट देवापाशी ठेवला. मी उचलला आन भगवंतरावाच्या दारात फोडला. तो पडवीत बसला होता. त्यानं हातातला पेपरही खाली केला नाही.

जुळवनारा तोच, मोडनारा तोच. आन सख्खा दीर माहा, तुह्या आज्याच्या पाठचा भाऊ. दोन घरांत एक भिंत. परक्यानं केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाली असती. घरच्याले शिव्या पुरत नाहीत.

आता रीतीचं. चि. वैजयंतीले गोजराआजीचे आशीर्वाद. इकडं सगळे जिते हायत, तिकडं तूही असशीन. फोनवर आली नाही म्हनून रुसू नको. तुही माय शुभांगी फोन मोठ्या आवाजात लावते, आन भिंतीपलीकडं जिजाबाई, भगवंतरावाची बायको, कान टेकून बसते. मी चौथीपर्यंत शिकली, तेवढ्या अक्षरात लिहून राह्यली. पोस्टातली निता तिकीट लावून देते. तूही पत्रच धाड, माह्या नावानं. फोन आला तर मी येनार नाही, घर जळत असलं तरी.

आता पाह्य, कातड्याले नाक मुरडनाऱ्याच्या बैठकीत भिंतीवर काय लटकून राह्यलं? ढाल. कायची? कातड्याची. दसऱ्याले ज्याच्या हातात ती ढाल, तो शिवेपर्यंत गावाच्या पुढं चालते. आपट्याची पयली फांदी त्यानं तोडाची, मंग बाकीच्यायनं सोनं लुटाचं. तुह्या आज्याच्या, पुंजाजीच्या, हातात ती तीस वर्सं होती. तो गेला तवा दहाव्याच्या दिवशी भगवंतराव घरात आला, खुंटीवरून ढाल काढली आन म्हने का वहिनी, ही मर्दाच्या घरात राह्याची वस्तू हाय. राजू तवा सत्तावीस वर्सांचा, मिशीवाला, बाजूलेच उभा होता. माह्या हातातल्या बांगड्या फोडून दहा दिवस झालते, मी काय बोलनार. बावीस वर्सं झाली त्याले.

अजून एक गोष्ट हाय. मामंजीनं, माह्या सासऱ्यानं, चुलीवर हात ठेवून माह्याकडून कबूल करून घेतलं होतं का ही तोंडातून काढाची नाही. मी तोंडातून काढून नाही राह्यली. लिहून राह्यली.

मी नवी नवरी आली त्या वर्सी ती ढाल उंदरायनं खाल्ली. जवारीच्या कोठीवर टांगली होती. चार पितळी फुलं तेवढी उरली. दसरा चार दिवसांवर. मामंजीनं राजपालच्या आज्याले बोलावलं. तो गावाच्या मोटा शिवे. मोट म्हंजे विहिरीतून पानी काढाची कातड्याची पिशवी, तुमच्या टायमाले मोटारी आल्या. त्याच्यापाशी आमच्याच मेलेल्या हेल्याचं, रेड्याचं, कातडं वाळून पडलं होतं, कमावाले वेळ नव्हता. माह्याकडून सैपाकाचा मोठा गंज मागून घेतला, त्याच्या बुडावर कातडं भिजवून तानलं, वाळवलं, काळा रोगन मारला, जुनी फुलं ठोकली. झाली ढाल. भगवंतराव तवा वाशीमच्या बोर्डिंगात शिकत होता, त्याले यातलं काहीच मालूम नाही. तो आजही शाळेत जाऊन पोरायले सांगते का आपला पूर्वज फौजेत होता, ढाल हबशी देशातल्या गेंड्याची हाय, तलवार लागत नाही तिले.

आता तू हबशी देशाच्याच आंगाले हायस, आन कातड्याचंच शिकली. मले नीट लिहून धाड का गेंड्याची ढाल कशी असते, तिकडचे लोक ढाली कायच्या करत, आन न कमावलेलं कातडं कायले भिते. आगीले का पान्याले का किड्याले. मी बोलनार नाही. ढालच बोलन. मले दसऱ्याच्या आत पाह्यजे.

बाकी वाफ्यातले भेदरं, टमाटे, बरे हायत, सांभार, तुमची कोथिंबीर, पान्यानं सडला. तू माया करतो तेवढी पुरे, उतू घालू नको.

तुही आजी
गोजराबाई पुंजाजी

•

नाकुरू, केनिया
ता. १५ ऑगस्ट २०२५

ती. आजीच्या चरणी वैजूचा शि. सा. नमस्कार. तुझं पत्र तेरा दिवसांनी मिळालं. पाकिटावरचा पत्ता पाहून आमच्या टॅनरीतला कारकून म्हणाला, हे कुणी नांगरानं लिहिलंय का. मी म्हटलं, जपून बोल, ती वाचून दाखवायला येईल.

मी ठीक आहे. हाताला वास येतो हे खरंच आहे. चुन्याचा येतो, ओल्या कातड्याचा येतो, लिंबू चोळलं की जातो. तुझ्या हाताला बारमाही मिरचीचा येतो, तरी तुझं लग्न झालंच ना.

ढालींचं विचारलंस ते वाचून मला गंमत वाटली, कारण ढालवाला माणूस माझ्याच गोदामात आहे. सांकाले नावाचे मासाई आजोबा आमच्या कच्च्या मालावर राखणीला असतात. त्यांच्या आजोबांची ढाल अजून त्यांच्या घरी चुलीवरच्या धुरात टांगलेली आहे. रविवारी मी त्यांच्यासोबत जाऊन हातात घेऊन आले. छातीपासून गुडघ्यापर्यंत येईल एवढी, लांबट, वांग्याच्या पानासारखी. ती रानम्हशीच्या कातड्याची असते. तेही मानेखांद्यावरचंच, कारण तिथे सगळ्यात जाड. कातडं ओलं असताना जमिनीवर खुंट्या मारून ताणतात, आतली चरबी खरवडतात, मग वाळत आलं की ठोकून ठोकून त्याला पोट आणतात. कडेनं वाकवलेली काठी बसवून वादीनं शिवतात. मागून उभी काठी, मध्ये मुठीपुरती जागा. पुढून रंग. पांढरा मातीचा, काळा कोळशाचा, लाल तांबड्या मातीचा. सांकाले आजोबा सांगतात की ढालीवरची काही लाल खूण ज्यानं लढाईत काही करून दाखवलं त्यालाच काढता येत असे, तीही वडीलधाऱ्यांनी हो म्हटल्यावर. कुणी स्वतःच्या मनानं काढली तर त्याला बाकीचे तरुण बडवायचे.

सगळ्यांच्या ढाली अशा नसतात. सोमाली लोकांची लहान, गोल, पांढरी, लांब शिंगांच्या हरणाच्या कातड्याची. इथिओपियात पाणघोड्याच्या कातड्यावर पितळेच्या नाहीतर चांदीच्या पट्ट्या मारत. युगांडाकडे लाकडाच्या फळीवर आपल्या टोपलीसारखा वेत विणतात. आणि इथले किकुयू नाचायच्या ढाली नुसत्या लाकडाच्या कोरत.

गेंड्याचंही खरं आहे, आजी. गेंड्याचं कातडं या किनाऱ्यावरून जहाजानं गुजरातेत जायचं आणि आपल्याकडच्या ढाली त्याच्या व्हायच्या. ते तासून, तेल पाजून उन्हासमोर धरलं तर काकवीसारखं झळकतं, आरपार उजेड येतो. म्हणजे उंदरांनी खाल्ली ती बहुधा खरोखरच इकडची होती. आता गेंडे थोडे राहिलेत आणि त्यांच्यामागे बंदूकवाले राखणदार फिरतात.

कच्चं कातडं कशाला भितं विचारलंस. किड्याला, उंदराला आणि सगळ्यात जास्त पाण्याला. कमावलेल्या कातड्याची गोष्ट वेगळी, ते बुटात जातं, पावसात चालतं. कच्चं म्हणजे तुझा उन्हात वाळलेला पापड. वाळलंय तोवर काठीनं वाजव, ओलं झालं की गेलं. आम्ही इथे भिजवतो तेव्हा कोमट पाणी घेतो. जाड असलं तरी सकाळी टाकलं की दुपारपर्यंत पोत्यासारखं लोंबतं, आणि जुनं असेल तर असा वास सुटतो की नवी माणसं पहिल्या आठवड्यात नोकरी सोडतात. सांकाले आजोबा म्हणतात, पावसात ढालीला चरबी चोळून आधी ढाल झाकायची, मग स्वतःला.

एक ऐक. दिनेशकडच्या लोकांचं मनाला लावून घेऊ नको आणि भगवंतआजोबांशी भांडू नको. त्यात तुला माहीत नसलेलं काही आहे. मी सावकाश सांगेन. बाबांना, आईला नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी
वैजू

•

जऊळका
ता. ५ सप्टेंबर २०२५

चि. वैजयंतीले आशीर्वाद, आन त्या मासाई बुड्याले रामराम सांग. त्याच्या गावची रीत मले आवडली. खोटी खून काढनाऱ्याले बडवाचं. इकडं खोट्याले फेटा बांधतात.

तुहं पत्र मी तीनदा वाचलं. पापडाचं तर पाठच झालं. मले माहीत नसलेलं काही हाय म्हनतो, ते ठेव तुह्यापाशी. मले जे माहीत हाय ते आधी निस्तरू दे.

गनपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिजाबाईकडं गेली. नारळ फोडल्यापासून पयल्यांदा. वांगे घेऊन गेली. ती बिचारी घाबरूनच गेली, पाट मांडला, चहा ठेवला. त्यायचं सोयाबीन औंदा पिवळं पडलं, त्याचं रडगानं लावलं. मी म्हनलं, जिजा, पिवळं पडन नाही तर काय होईन. मामंजी ढालीले खंडेनवमीपासून आंघोळ घालत, कोमट पान्यात हळद आन ताक टाकून दसऱ्याच्या मिरवनुकीपर्यंत घंगाळात ठेवत. तुमी नुसतं फडक्यानं पुसता. घरातल्या हत्याराले वर्सानुवर्सं पानी नाही, मंग वावर कसं पिकन. तिचे डोळे हे मोठे झाले. मी अजून सांगितलं, वरून कोरं कापड झाकाचं आन मधात उघडून पाहाचं नाही, दोष लागते. हे सगळं खोटं हाय. मामंजीनं ती ढाल जनमात भिजवली नाही, त्यायले कारन मालूम होतं. मी एकच खोटं बोलली आन ते जोरात बोलली.

परवा जिजाबाई भिंतीवरून सांगत होती का त्याले पटलं. पटनारच. मोठ्या पूजेचं नाव काढलं का त्याची छाती फुगते. त्यानं तर वाशीमच्या दुकानातून फलक छापून आनला, त्याच्यावर ढाल, बाजूले आपला फोटो, खाली लिहिलं का वीर घराण्याची परंपरा. स्टेशनाच्या रस्त्यावर लावला. औंदा मानोऱ्याच्याही दोन-चार लोकायले बोलावलं म्हनते. याच्याहून मले काय पाह्यजे.

रोज सकाळी आंगन झाडताना मी त्याले ऐकू जाईन अशा शिव्या देते. पोरीचा गळा कापनारा, हे सगळ्यात साधी. तो उलटून बोलत नाही. एक दिवस पडवीत येऊन माह्याकडं पाह्यलं आन आत गेला. भेकड मानूस.

तुही माय सांगते का तू फोनवर मले मागत होती. मी वांग्याच्या वाफ्यात होती, आन वाफ्यातच राह्यली. सांगाचं ते लिहून धाड. मिरची तोडाले आली. आमची आठवन ठेव, बाकीचं पोस्ट पाह्यते.

तुही आजी
गोजराबाई

•

नाकुरू
ता. २३ सप्टेंबर २०२५

ती. आजीस वैजूचा नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. वाचून मी लगेच चार वेळा फोन केला. आई म्हणते, तू खाटेवर बसून मान हलवतेस आणि येत नाहीस. आईला मी सांगू शकले नाही, कारण ज्याला शब्द दिलाय त्यानं तुझ्याशिवाय कुणाला सांगू नको म्हटलं होतं, आणि तुलाही दिवाळीपर्यंत नाही. तो शब्द मी आज मोडते आहे. बसून वाच.

सोयरीक भगवंतआजोबांनी मोडली नाही. मी मोडली.

दिनेश वाईट मुलगा नाही. पण जूनमध्ये त्याच्या बापाचा मला फोन आला की साक्षगंधाच्या आधी इथली नोकरी सोडून ये, आमच्या घरात हे काम चालणार नाही. आजी, मला मार्चमध्ये पाळीवर मुख्य केलं. माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत, एक सोडून सगळे पुरुष. मी दिनेशशी बोलले, तो म्हणाला बाबा म्हणतात तसंच. मग मी मध्यस्थाला, भगवंतआजोबांना, फोन करून नाही म्हणून कळवलं.

तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तू स्वतः मानोऱ्याला जाऊन शब्द दिला होतास. बाबांच्या घरी मुलीनं नकार दिला असं झालं असतं तर तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे, तू जेवली नसतीस. मी फोनवर रडले. भगवंतआजोबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, “पोरगी नाही म्हनली असं कायले व्हाले पाह्यजे, मानोऱ्याचेच मागं सरले असं झालं पाह्यजे. मी कातड्याचं सांगतो त्यायले, ते आपोआप उठतीन. मी कोनाले सांगत नाही, तुह्या आजीचा राग मी खातो, मले त्याची सवय हाय.”

त्यांनी जे सांगितलं ते माझ्यासाठी सांगितलं. ते दारात फुटलेल्या नारळाचं माझ्याशी एका शब्दानं बोलले नाहीत. मला तुझ्याच पत्रातून कळलं.

दहाव्याच्या दिवशी त्यांनी ढाल नेली ते चुकलंच. त्याबद्दल तू त्यांना जे म्हणशील त्याला मी आड येणार नाही. पण माझ्यासाठी म्हणून ढालीला पाणी लावू नको. जिजाआजीला जाऊन सांग की कोरड्या फडक्यानं पुसा. मी तुझ्या पाया पडते. हे पत्र मी जलद टपालानं टाकते आहे, देव करो आणि ते वेळेत पोचो.

तुझी माया मला आता लागेल.

वैजू

•

जऊळका
ता. ३ ऑक्टोबर २०२५

झालं. काल दसरा झाला.

चि. वैजयंतीले आशीर्वाद. तुहं पत्र नाही आलं महिनाभर. पोस्टात गेली तर निता म्हने पावसानं थैल्या मागं पडल्या. तरी मी लिहून राह्यली, शिळं झालं का मजा जाते.

नवमीच्या सकाळी जिजाबाईनं घंगाळ मांडलं, हळद, ताक, कोमट पानी, वरून कोरं कापड. कोनी उघडून पाह्यलं नाही. दसऱ्याले दुपारी चार वाजता डफडं वाजाले लागलं तवा भगवंतरावानं कापड काढलं. जिजाबाई मागून सांगत होती का तो एकदम खाली बसला. ढाल घंगाळात पडलेल्या लुगड्यावानी. पन बाहीर गाव उभं, मानोऱ्याचे लोक उभे, फलकावर फोटो. मंग त्यानं काय केलं ऐक. जिजाबाईचं स्टीलचं ताट घेतलं, ढालीच्या मागून लावलं, उपरन्यानं कसून बांधलं आन फेटा घालून बाहीर निघाला.

मी पारावर बसून होती. पुढून पाह्यलं तर ठीकच दिसे. चार पावलं गेला न गेला का कुत्रे आले. आधी पाटलाच्या गल्लीतलं पांढरं, मंग स्टेशनाकडचे दोन, मंग किती ते मी मोजलं नाही. सगळे त्याच्या हाताच्या मागं नाक वर करून. लोक आधी हाड हाड करत होते, मंग हसाले लागले. शाळेपाशी त्यानं ढाल उंच केली जयजयकारासाठी, आन उपरनं ढिलं झालं. ताट निसटून रस्त्यावर आपटलं, फिरत फिरत गेलं, त्याचा आवाज डफड्यापेक्षा मोठा. आन त्याच्या हातात राह्यलं ते ओलं पोतं. रोगनाचे पापुद्रे निघाले, खालून काळे केस दिसाले लागले. डफडेवाला थांबला.

राजपाल पुढं आला. त्यानं वाकून पाह्यलं, बोटानं केस फिरवले. त्याच्या आज्याचं काम तो ओळखन का नाही हे मले माहीत नव्हतं. त्यानं हळूच म्हनलं, पन डफडं बंद होतं म्हनून सगळ्यायनं ऐकलं.

“हेल्याचं हाय.”

मानोऱ्याचा एक पाव्हना म्हने, म्हंजे कातडं याच्या घरचंच निघालं. मले वाटलं उठून त्याले गूळ द्यावा. तेवढ्यात पांढऱ्या कुत्र्यानं कोपरा धरला, दुसऱ्यानं दुसरा. भगवंतरावानं दोन घडी ओढलं, मंग सोडून देलं. कुत्र्यायनं ते नाल्याकडं ओढत नेलं आन फाडलं. पितळी फुलं पोट्ट्यायनं वेचले.

तो उभा राह्यला फेट्यात, हळदीच्या हातानं. साऱ्या गावात त्यानं एकट्या माह्याकडं पाह्यलं. समजलं त्याले. मी तोंडातून शब्द काढला नाही, मामंजीच्या चुलीची शपथ मी पाळली. मले दात नाहीत तरी मी हसली, चांगलं तोंड उघडून. तुह्या बापाले मातर माहं हसनं आवडलं नाही. राजू माह्यापुढून गेला, काकाचा हात धरला आन त्याले घरी नेलं. कोनावर गेला हा पोरगा कोन जाने.

काल रात्री चार भाकरी खाल्ल्या. तुह्या नावानं एक जास्त. आता मानोऱ्याच्यायचे कान धरून सांग का हाताले वास कोनाच्या येते. जिव्हाळा राहू दे, सोनं घे.

तुही आजी
गोजराबाई

•

जऊळका
ता. १३ ऑक्टोबर २०२५

तू जलद टपालानं टाकलेलं पत्र दसरा होऊन सातव्या दिवशी आलं. मी पोस्टात उभ्यानंच वाचलं. निता म्हने आजी पानी देऊ का. मी म्हनलं तुह्या पोस्टाले दे, त्याले चाल येईन.

आशीर्वाद मंग. आधी तुह्याच पाठीत दोन रट्टे घालाचे हायत. मी जेवली नसती म्हनतो. नसती जेवली दोन दिवस, तिसऱ्या दिवशी जेवली असती. भुकेनं मी मरत नाही, मले उपास जमत नाही हे तुले माहीत नाही का. नोकरी सोडाची नव्हती तर मले सांगाचं होतं. चौदा मानसायवर हुकूम चालवतो आन एका बुढीले भितो.

ढालीचं मले वाईट वाटत नाही. दहाव्याच्या दिवशी त्यानं माह्या घरातून ती नेली, ते माह्या छातीत होतं, ते निघालं. त्याचं त्याले भेटलं. तू आडवी येनार नाही म्हनली ते बरं केलं. पन नारळ त्याचा नव्हता. अडीच महिने रोजच्या शिव्या त्याच्या नव्हत्या. त्या मी देत होती तवा तो पडवीत बसून ऐके, आन एक शब्द टाकला असता तर माहं तोंड जाग्यावर बंद झालं असतं. तो शब्द त्यानं टाकला नाही. गाव तोंडावर हसलं तवाही टाकला नाही. मी सासऱ्याले देलेली जबान मोडली, लिहून का होईना मोडली. त्यानं एका पोरीले देलेली मोडली नाही. सूड मी घेतला आन जिंकला तो. आंगाची आग होऊन राह्यली, झोप नाही. म्हातारपनी हे पाह्यजे होतं का मले.

तो त्या दिवसापासून बाहीर निघाला नाही. पेपर पडवीत येऊन पडते, तिथंच भिजते. फलक त्यानं काढाले नाही सांगितलं, पोट्ट्यायनं फाडला. शाळेचा मास्तर त्याले आता बोलावनं धाडत नाही. पोट्टे स्टेशनावर ताट वाजवतात. परवा मी त्यायच्यावर धावून गेली, तर म्हने आजी, तूच हसली होती ना सगळ्यात मोठ्यानं. हसली होती. मी मागं फिरली.

त्याच्या दारी मी गेली नाही. पाय उचलत नाही. माफी मले मांगता येत नाही, कोनी शिकवली नाही, आन आता शिकाचं वय नाही. राजूले मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आन वावरात निघून गेला. तुह्या मायनं दिवसभर माह्याकडं पाठ केली.

काल जिजाबाई आली. उभीच राह्यली, बसली नाही. माह्या सांगन्यावरून तिनं घंगाळ मांडलं हे तिले पक्कं कळलं हाय. म्हने, ते कोनाशी बोलत नाहीत, जेवताना फक्त एकच गोष्ट इचारतात, रोज तीच. मी म्हनलं काय इचारतात. तिनं सांगितलं.

“वैजूनं अजून नाही सांगितलं का.”

तुहं पत्र माह्या कमरेले खोसलेलं होतं. तिले पानी देलं, ते तिनं घेतलं नाही, गेली.

इकडं मिरची लाल होऊन राह्यली, पाऊस थांबला. तुह्यावरचा राग उतरला का माया करीन, तोवर उसनी वापर.

गोजराबाई

भगवंतरावाच्या इचारन्याचं उत्तर मी देनार नाही, तुहा बाप देनार नाही, तुही माय देनार नाही. तू द्याचं. त्याले, त्याच्या नावानं, तुह्या हातानं, आन असं लिहाचं का त्याले ते पारावर बसून सगळ्यायपुढं वाचता येईन. फोन नाही कराचा, फोनवर रडून सुटका होते. तोवर माह्या नावानं पत्र आलं तर न फोडता परत धाड म्हनून निताले सांगून ठेवलं हाय.